खांदा हलला की बटण

माझ्या वडिलांच्या कानांची वाट लावण्यात सर्वांत मोठा वाटा कंपनीतल्या हॅमरचा होता, हे कोणीही मान्य करेल. पण थोडा वाटा माझाही आहे, आणि तो मी इतकी वर्षं कोणाजवळ बोललो नाही. तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो, कॉलेजात फिजिक्स शिकत होतो आणि आपल्याला चांगलीच अक्कल आहे अशी माझी पक्की समजूत होती. त्या अकलेचा पहिला मोठा उपयोग मी बाबांच्या बहिरेपणाला हातभार लावण्यासाठी केला. आता मी पन्नाशी ओलांडली आहे. ज्युनिअर कॉलेजात तेच फिजिक्स शिकवतो, आणि दरवर्षी ध्वनीचा धडा आला की हातात खडू घेऊन क्षणभर थांबतो. मुलांना वाटतं, सर धडा आठवताहेत. धडा मला झोपेतही म्हणता येईल. आठवतं ते वेगळंच असतं.

आम्ही कर्वेनगरला एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहायचो. आई-बाबा मूळचे वर्ध्याकडचे, बाबा नोकरीसाठी पुण्यात आले आणि भोसरीकडच्या एका फोर्जिंग कंपनीत चिकटले. तापून लालभडक झालेला लोखंडाचा तुकडा डायमध्ये, म्हणजे साच्यात, धरायचा आणि वरून घराएवढा हॅमर दणादण हाणायचा, हे त्यांचं काम. दिवसभर त्या दणदणाटात एकमेकांशी बोलायचं म्हणजे कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागे, आणि ती सवय कंपनीच्या बसमधून त्यांच्याबरोबर रोज घरी येई. मीठ मागतानाही बाबा असे मागत की शेजारच्यांनी आणून द्यावं. आईचा आवाज मुळात गोड होता, म्हणजे तसं तिची बहीण सांगते. मला आठवतो तो आईचा आवाज स्वयंपाकघरातून निघून, बाहेरची खोली पार करून, बाल्कनीत पेपर वाचणाऱ्या बाबांपर्यंत पोचणारा. शिवाय टीव्ही. खालच्या मजल्यावरच्या लिमये काकू एका संध्याकाळी वर आल्या, चपला दाराबाहेर नीट जोडीने काढून ठेवल्या आणि आईला शांतपणे म्हणाल्या, "बातम्या छान होत्या. आता आमच्या टीव्हीवरच्याही ऐकाव्यात म्हणते." आईने टीव्ही बंद केला आणि त्यांना चहा दिला. बाबांना काय झालं ते कळलंच नाही, त्यांनी काकूंना नमस्कार करून पुन्हा टीव्ही लावला.

कंपनी कामगारांना दर महिन्याला इअरप्लग द्यायची, पिवळ्या स्पंजचे, चिमटीत दाबून कानात सरकवले की आत फुगणारे. बाबा ते कधीच घालत नसत. कारण विचारलं तर म्हणायचे, "काहून घालू? हॅमर काय बोलतो ते ऐकू नको का मी?" आणि यात खोटं काही नव्हतं. डायला तडा जायच्या आधी ठोक्याचा आवाज किंचित बदलतो म्हणे, आणि तो बदल पूर्ण शॉपमध्ये, म्हणजे हॅमरच्या त्या शेडमध्ये, सर्वांत आधी बाबांना कळायचा. हात वर करून ते हॅमर थांबवायचे, डाय बाहेर काढली की केसाएवढी चीर निघायची. इंजिनिअर लोक येऊन बघायचे. दहावी झालेल्या माणसाला आयुष्यात असे प्रसंग किती येतात? म्हणून ते पिवळे बोळे कोरेच्या कोरे घरी यायचे, आणि ते वापरायचो मी. आमच्या त्या गडगडाटी घरात अभ्यासाला बसताना मी बाबांचे इअरप्लग कानात घालायचो. काय शांतता मिळायची! मी बी.एस्सी.ला पहिल्या वर्गात आलो तो त्या शांततेच्या जोरावर. जे बोळे त्यांच्या कानात हवे होते ते माझ्या कानात होते, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही असं म्हणणं सोयीचं आहे. एकदा आलं होतं. मी पान उलटलं.

पहिली खूण कुकरने दिली. रविवारी आई भाजी आणायला जाताना बाबांना स्वयंपाकघरात बसवून जायची, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करायचा, एवढंच काम. ती परत आली तेव्हा जिन्यातच करपल्याचा वास. बाबा ओट्यापासून दोन हातांवर बसून कोडं सोडवत होते. आईने कपाळाला हात लावला. "बाप्पा, शिट्टी वाजलीच नाही," बाबा म्हणाले, आणि इतक्या सरळपणे म्हणाले की आईने कुकरची शिट्टी काढून फुंकून पाहिली. पुढच्या रविवारी मी समोर होतो. शिट्टी वाजली, खिडकीतलं कबूतर उडालं, बाबांनी मान वर केली नाही. पण बाहेर ट्रक गेला तेव्हा लगेच म्हणाले, "याचं सायलेन्सर गेलं."

मी पुस्तकं काढली. आपल्याला पुस्तकात सगळं सापडतं हा तेव्हाचा माझा आजार होता, अजून पूर्ण गेलेला नाही. कानाच्या पडद्यामागे तीन इवलीशी हाडं असतात, हातोडा, ऐरण आणि रिकीब, म्हणजे घोडेस्वार पाय अडकवतो ती कडी. शेवटचं तर तांदळाच्या कणीएवढं. पडदा हलला की हातोडा ऐरणीवर, ऐरण रिकिबीवर, आणि रिकीब आतल्या पाण्याने भरलेल्या, गोगलगायीच्या शंखासारख्या वळलेल्या नळीच्या दारावर धक्के देते. हे मी बाबांना ओरडून समजावलं तेव्हा त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी आईला बोलावलं. "ऐकलं का, कानात बी फोर्जच हाय! हातोडा हाय, ऐरण हाय!" ते एरवी इतकं गावाकडचं बोलत नसत, फार खूश झाले की निसटायचं. त्या नळीत पाण्याबरोबर डुलणारे अतिशय बारीक केस असतात, ते आवाज मेंदूपर्यंत पोचवतात, हेही मी सांगितलं. बारीक, चिरक्या आवाजांचे केस अगदी दाराशी असतात, जाड आवाजांचे आत, शंखाच्या टोकाशी. आमच्या मागच्या टेकडीवर जशी पायवाट पडते तसं ते आहे. एक माणूस गवतावरून गेला तर गवत दुसऱ्या दिवशी उभं राहतं. रोज माणसं गेली की तिथे गवत उगवतच नाही. हा दृष्टान्त मात्र मी तेव्हा दिला नव्हता. तो मला चाळिशीत टेकडीवर फिरायला जाताना सुचला, आणि त्या दिवशी मी अर्ध्यातून परत आलो.

मग कंपनीत कानाची तपासणी सुरू झाली. एक गाडी यायची, आत टेलिफोन बूथसारखी बंद खोली, कानाला हेडफोन, हातात बटण. आवाज आला की बटण दाबायचं, बाहेरच्या मशीनवर दिवा लागायचा, टेबलाशी बसलेली मुलगी कागदावर खूण करायची. पहिल्या वर्षी बाबांना सांगितलं गेलं, जरा कमी आहे, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षीपर्यंत शॉपमध्ये सगळ्यांना कळलं होतं की जो नापास होईल त्याला हॅमरवरून काढून स्टोअरला बसवणार. स्टोअर म्हणजे जाळीच्या खिडकीमागे बसून हातमोजे वाटायचे. बाबा आठवडाभर नीट जेवले नाहीत. शनिवारी आईने पाटवडीचा रस्सा केला, त्यांचा जीव की प्राण, तर तोही त्यांनी ताटात तसाच फिरवला. मग माझ्याकडे बघून, त्यांच्या मानाने अगदी हळू आवाजात म्हणाले, "तू फिजिक्स शिकतो ना रे? या तपासणीत काही करता येते का?"

बाबांनी मला काही विचारण्याची ती पहिलीच वेळ. तोवर मी त्यांना विचारायचो, सायकलची चेन, पंख्याचा रेग्युलेटर, सगळं त्यांनाच यायचं. त्या एका प्रश्नाने मी इतका फुगलो की पुढचं सगळं त्या फुगण्यातूनच झालं. त्यांना कानाच्या डॉक्टरकडे न्यायचं, त्यांच्या कानात ते पिवळे बोळे स्वतःच्या हाताने घालायचे, स्टोअरची खिडकी काही वाईट नाही हे समजावायचं, यातलं मी काही केलं नाही. मी विचारलं, बूथमधून काय दिसतं? ते म्हणाले, छोटी काच आहे, त्यातून त्या मुलीचा खांदा दिसतो. हात? हात दिसत नाही. पण ती आवाज सोडते तेव्हा खांदा हलतो का? बाबांनी डोळे मिटून आठवलं. चाळीस पावलांवरून हॅमरमधली चूक पकडणारा माणूस तो. "हलतो," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आमच्या घरात तालीम झाली. मी बाल्कनीत, काचेच्या दारामागे, मांडीवर मशीनऐवजी काडेपेटी. बाबा आत खुर्चीवर, हातात बटणाऐवजी दोन सेलची बॅटरी. ऐकू येऊ नये म्हणून त्यांच्या कानात मी इअरप्लग घातले. त्या घरात ते बोळे बाबांच्या कानात गेले ते एवढ्यापुरतेच. मी काडेपेटीवर बोट दाबायचो, खांदा हलायचा, आत बॅटरी लागायची. मी हालचाल कमी कमी करत गेलो, शेवटी खांदा हलला की नाही हे मलाच कळेना, पण बॅटरी लागतच होती. दहातले दोन सोडून द्या, सगळे बरोबर आले तर संशय येतो, हा बारकावाही मीच शिकवला. खाली वाळत घातलेले कपडे काढायला आलेल्या लिमये काकूंनी मला बाल्कनीत बसून नुसता खांदा उडवताना बराच वेळ पाहिलं आणि वर हाक मारली, "अहो, मुलाला काही झटके वगैरे येतात का?" आई म्हणाली, "नाही, अभ्यास करतो आहे." मग ती आत वळली आणि आम्हा दोघांना म्हणाली, "ऐकू येत नाही हे सांगायला लाज कसली? फसवताय कोणाला तुम्ही?" बाबांच्या कानात बोळे होते. मी ऐकलं आणि काडेपेटी दाबली.

बाबा पास झाले. त्या संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरले ते हातात जिलबीचा पुडा घेऊनच. जिलबी लिमये काकूंच्या घरीसुद्धा गेली. त्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी आणि निवृत्तीपर्यंत प्रत्येक वर्षी ते पास होत गेले, आणि तितकी वर्षं हॅमर चालू राहिला. मला तेव्हा वाटलं होतं, एका तपासणीपुरती युक्ती आहे. पण शिकवलेली गोष्ट जिथे शिकवली तिथेच राहत नाही, हे मास्तर झाल्यावर कळतं. बाबांनी ती युक्ती सगळीकडे लावली. माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मी त्यांच्याकडे पाहिलं, तर ते मुठीत अक्षता धरून समोरच्या लोकांच्या हातांकडे बघत होते. हात उडाले की त्यांचाही उडायचा. चारचौघांत कोणी विनोद केला तर ते आधी आजूबाजूला बघायचे, मग हसायचे, आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने. माझी मुलगी लहानपणी त्यांना शाळेतल्या गोष्टी सांगायची तेव्हा ते तिच्या तोंडाकडे असे टक लावून बघत की ती मला म्हणायची, आजोबा किती लक्ष देतात. आईने तेवढं ओरडणं सोडलं नाही. परवा म्हणाली, "एवढा घसा ताणला, आता गाणं म्हणायला सांगू नका बाप्पा."

माफी मागायचं माझ्या मनात नव्हतं असं नाही. अडचण अगदी साधी होती. तोवर बाबांना काही सांगायचं तर ओरडावं लागायचं. जेवायला चला, औषध घेतलं का, नळ बंद करा, हे ओरडता येतं. माफी ओरडायची कशी? एकदा धीर करून मी त्यांच्याजवळ बसलो, त्या तपासणीचं सुरू केलं. "काय?" म्हणाले. पुन्हा म्हटलं. "काय?" तिसऱ्यांदा घशाच्या शिरा ताणून म्हणणार तेवढ्यात खालून लिमये काकूंची खिडकी उघडल्याचा आवाज आला. मी म्हटलं, काही नाही, चहा ठेवू का? त्यांनी माझ्या ओठांकडे पाहून लगेच मान हलवली. कागदावर लिहून द्यावं असंही मनात आलं. लिहिलं, तर भौतिकशास्त्राच्या उत्तरपत्रिकेसारखं दिसू लागलं, म्हणून फाडलं.

आणि या वर्षी वर्गात एका विद्यार्थ्याने फोनवर एक अतिशय बारीक आवाज लावला. पोरं कान झाकू लागली, मला काहीच ऐकू आलं नाही. ती हसली, मीही हसलो. हसण्याआधी मी आजूबाजूला पाहिलं होतं, हे घरी येताना सिग्नलला उभा असताना लक्षात आलं. त्याच आठवड्यात मी बाबांना कोथरूडला एका श्रवणयंत्राच्या केंद्रात घेऊन गेलो. "आता या वयात काय ऐकायचं राहिलं?" असं ते वाटेत दोनदा म्हणाले, पण इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

तपासणारी मुलगी जेमतेम पंचविशीची, हसतमुख, कामाची चोख. बाबांना आजोबा, मला काका. तिने बाबांना बूथमध्ये बसवलं, हेडफोन लावले, हातात बटण दिलं, दार लावलं. मी तिच्या मागे स्टुलावर. पंधरा मिनिटांनी तिने आलेख काढला आणि त्याच्याकडे बघत राहिली. म्हणाली, "काका, हे काहीतरी विचित्र आहे. मघाशी मी नाव विचारलं तर आजोबांनी तुमच्याकडे पाहिलं. आणि इथे तर त्यांना सगळं ऐकू येतंय. माझ्यापेक्षा चांगलं."

मी काचेकडे पाहिलं. पलीकडे बाबा ताठ बसले होते, हातात बटण, नजर तिच्या खांद्यावर. दहातले दोन त्यांनी सोडले होते. ते मला आलेखात दिसले.

माझ्या अंगावर काटा आला, आणि त्याच वेळी हसूही आलं, हे प्रामाणिकपणे लिहायला हवं. मी तिला म्हटलं, "ते तुमचा खांदा बघताहेत. मी शिकवलंय." ती आधी खळखळून हसली. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून थांबली, उठली, बूथमध्ये जाऊन तिने खुर्ची फिरवली आणि बाबांना काचेकडे पाठ करून बसवलं. खुर्ची वळताना बाबांनी माझ्याकडे पाहिलं, एका बाकावर बसून कॉपी करणाऱ्या दोघांपैकी एकजण पकडला जावा तसं, आणि गालातल्या गालात हसले.

यावेळी दिवा फारच कमी वेळा लागला. आलेखावरची रेघ डावीकडे बरी सुरू झाली आणि मध्येच कड्यावरून पडावी तशी खाली कोसळली. मुलगी म्हणाली, हे वयामुळे थोडं आणि आवाजामुळे जास्त, यंत्राने फरक पडेल, गेलेलं सगळं काही परत येणार नाही. पण आवाज पुरेसा वाढवला की शब्द किती समजतात ते बघायचं होतं, आणि त्यासाठी ओळखीचा आवाज बरा. तिने बूथमध्ये जाऊन बाबांना कानाशी मोठ्याने सांगितलं की आता मुलगा बोलेल, समजलं तर बटण दाबा, नाही समजलं तर दाबू नका. बाहेर येऊन तिने एक छोटा माइक माझ्याकडे सरकवला. "ओरडायचं नाही हं काका. नेहमीच्या आवाजात. हळू बोललात तरी पोचेल."

हळू बोललात तरी पोचेल. मी माइक धरला. समोर काचेत बाबांची मान, पांढरे केस, हेडफोनची पट्टी. मी म्हटलं, बाबा, मी बोलतोय. दिवा लागला. आई घरी वाट बघते आहे, म्हटलं. दिवा लागला. आज पाटवडी केली आहे. हा तर वाक्य संपायच्या आत लागला, मुलगी हसली आणि तिने खूण केली. आता काय बोलू, असं मी तिला विचारणार होतो. विचारलं नाही.

"बाबा," मी म्हटलं, "काचेतून खांदा बघून बटण दाबायचं मी तुम्हाला शिकवलं, ते चुकलं माझं. तुम्ही विचारलंत आणि मला शहाणं व्हायची घाई झाली. तुमच्या कानांसाठी आलेले बोळे मी माझ्या कानात घालून अभ्यास केला. आई बोलली ते मी ऐकलं होतं, तुम्हाला सांगितलं नाही. ऐकू येत नाही हे लपवायला तुम्ही माझ्यामुळे शिकलात, आणि इतकी वर्षं लोकांचे हात बघत बसलात. मला माफ करा."

मुलीने पेन खाली ठेवलं होतं. बाबांची पाठ माझ्याकडे होती, काचेतून बघायची त्यांना काही सोय नव्हती. त्यांची मान थोडी खाली गेली. दिवा लागला, आणि त्यांनी बटणावरचं बोट काढलंच नाही.